मनगट मुरगळलं की मोडलं?

पावसाळा लागला की घरोघरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, न वाळणारे कपडे. दुसरी, कुणीतरी पडल्याची बातमी! मोरीच्या उंबऱ्याशी पाय सरकतो, जिन्याच्या ओल्या पायरीवर चप्पल दगा देते, गच्चीतले कपडे काढायला धावताना शेवाळावरून घसरायला होतं. आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींच्या जागी आता जागोजागी इमारती उभ्या राहिल्या. पण गटारावरची हलती फरशी आणि पुलावरची घसरडी पायरी काही कुणाला चुकलेली नाही. त्यात एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री आणि सोबत शाळेतून आणलेलं मूल.

तोल गेला की आपण विचार करत बसत नाही. हात आपोआप पुढे जातो, तळवा जमिनीवर टेकतो आणि साऱ्या शरीराचा भार एका मनगटावर येतो. उठल्यावर आपण आधी काय करतो? साडी सारखी करतो, कुणी पाहिलं तर नाही ना ते बघतो, आणि "काही नाही हो, जरा मुरगळलाय" म्हणत घरी येतो. मग रात्रीचा स्वयंपाक डाव्या हाताने उरकला जातो.

मैत्रिणींनो, या "जरा मुरगळलाय"बद्दलच आज बोलायचं आहे. कारण मनगट ही मोठी फसवी जागा आहे. इथलं मोडलेलं हाड कित्येकदा लचकल्याचं सोंग घेऊन बसतं. आणि मनगट म्हणजे काही नुसती बांगड्या भरायची जागा नव्हे! कणीक तिंबायची, पोळ्या लाटायच्या, कपडे पिळायचे, बादली उचलायची, सगळं त्याच्याच जिवावर. आमच्या भागात तर पापड लाटणाऱ्या आणि घरी शिवणकाम करणाऱ्या कितीतरी जणींचा संसार मनगटावर चालतो. दिवसभर फळ्यावर लिहिणाऱ्या माझ्यासारखीचंही त्याच्यावाचून अडतं.

मनगटात असतं तरी काय?

कोपरापासून दोन लांब हाडं खाली येतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना. त्यांच्यापुढे, तळहाताच्या मुळाशी, आठ लहान लहान हाडं दोन ओळींत बसवलेली असतात. या सगळ्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे म्हणजे अस्थिबंध. हात मुरगळतो तेव्हा हे पट्टे ताणले जातात, कधी थोडे, कधी पूर्ण फाटतात. हात मोडतो तेव्हा हाडालाच तडा जातो. दुखणं दोन्हींत, सूज दोन्हींत, काळंनिळं होणंही दोन्हींत. घोटाळा होतो तो इथेच.

हा घोटाळा घरच्या माणसांचाच होतो असंही नाही. डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलीस यांनी १८१४ साली एक लेख लिहून रेडियस हाड मनगटाच्या जरा वर कसं मोडतं, ते सांगितलं. त्या काळी बरेच डॉक्टर अशा दुखापतीला मनगट लचकलं किंवा निखळलं असंच समजत. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ८१ वर्षं होती! कॉलीस यांनी केवळ डोळ्यांनी बघून आणि बोटांनी चाचपून ते ओळखलं. आजही हात टेकून पडल्यावर होणाऱ्या या मोडीला डॉक्टर त्यांच्याच नावाने ओळखतात. पुढे १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि डिसेंबरात पहिल्या काही फोटोंतला एक काढला तो आपल्या पत्नीच्या हाताचा. त्या फोटोत हाडं तर दिसतातच, पण बोटातली अंगठीही दिसते.

चार गैरसमज

पहिला आणि सगळ्यात लाडका: "बोटं हलतायत ना, मग मोडलं नाही." हे साफ चूक. बोटं हलवणारे स्नायू कोपराच्या बाजूला असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून पुढे जातात. हाडाला तडा गेला तरी त्या शाबूत असू शकतात. त्यामुळे मोडलेल्या मनगटाची बाईही बोटं हलवून दाखवते.

दुसरा: "मोडलं असतं तर असह्य दुखलं असतं." दुखण्याच्या तीव्रतेवर काही ठरत नाही. पट्टा पूर्ण फाटला तर कळा मरणाच्या येतात आणि लहानशी तडा नुसती ठसठसते.

तिसरा: "सूज नाही, म्हणजे काही नाही." काही तडा अशा असतात की वरून फारसं काहीच दिसत नाही. त्यांच्याविषयी पुढे सांगते.

चौथा: "चोळलं की बसेल." मोडलेलं हाड चोळून बसत नाही, सरकतं मात्र. मुरगळलेल्या हातालाही पहिले दोन दिवस चोळणं आणि शेकणं नको, सूज वाढते. आंबेहळद, रक्तचंदन, तुरटी यांचा लेप आपल्या आया-आज्या लावत आल्या. कातडी फुटलेली नसेल तर लेपाने फारसं बिघडत नाही, पण लेपाखाली रंग झाकला जातो आणि "लावलंय ना काहीतरी" म्हणून आपण चार दिवस स्वस्थ बसतो. खरी हानी त्या चार दिवसांची असते.

घरी काय पाहता येईल?

निवांत बसा, हात उशीवर ठेवा आणि पुढच्या गोष्टी एकेक करून बघा. कुठेही जोर लावायचा नाही. दुखलं की थांबायचं.

आकार. दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवा आणि वरून व बाजूने पाहा. जेवणाचा काटा पालथा ठेवला की बाजूने जसा बाकदार दिसतो, तसं मनगट दिसलं तर हाड मोडून सरकलेलं आहे असं धरा. मग पुढचं काही तपासत बसू नका, सरळ निघा.

दुखणारी जागा. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने, भाताचं शीत दाबून बघतो तितक्याच हलक्याने, मनगटावरून फिरत जा. मऊ भागावर सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर मुरगळलं असण्याची शक्यता जास्त. पण हाडाच्या एका ठरावीक ठिपक्यावर बोट टेकताच जीव कळवळला, तर ती खूण मोडीची समजा.

तळवा फिरवणं. देवळात तीर्थ घ्यायला तळवा वर करतो तसा हळूच करून बघा, मग पालथा करा. हे जमतच नसेल किंवा त्या वेळी चमक उठत असेल तर फोटो काढायला हवा.

पकड. हातरुमालाची गुंडाळी हलकेच मुठीत धरा. साधा पेलाही हातात धरवत नसेल तर "मुरगळलाय" या शब्दावर विश्वास ठेवू नका.

पडतानाचा आवाज. 'कट्' असा आवाज आला होता का, ते आठवा. आवाज अस्थिबंध फाटतानाही येतो. पण दोन्ही गोष्टी डॉक्टरांकडे नेण्याजोग्याच.

बोटांचा रंग आणि संवेदना. नख दाबून सोडलं की ते पांढरं होऊन दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं गार, निळसर किंवा बधिर वाटत असतील, मुंग्या येत असतील, तर रक्तवाहिनी किंवा शिरेवर दाब आलेला असू शकतो. हे सकाळपर्यंत थांबण्याचं काम नाही.

आता नीट ऐका. या खुणांपैकी एखादी दिसली तर मोड असेल असं म्हणता येतं. पण एकही दिसली नाही म्हणून मोड नाहीच, असं घरी बसून कुणालाच सांगता येत नाही. साधं मुरगळणं दोन-तीन दिवसांत उतरणीला लागतं. तेवढ्यात फरक पडला नाही तर फोटो काढायचाच.

तपकिरीचा खळगा

तपकीर ओढणारे आजोबा आठवतात? अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दोन दोऱ्यांच्या मधे एक लहान खळगा पडतो. चिमूटभर तपकीर तिथे ठेवून ओढायची पद्धत होती. डॉक्टरी पुस्तकांतही त्या जागेचं नाव तपकिरीच्या डबीवरूनच पडलेलं आहे! तुमच्या हाताला तो खळगा आत्ताच शोधून ठेवा.

या खळग्याच्या तळाशी नावेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. स्कॅफॉईड त्याचं नाव. विशेषतः तरुण माणसं हात टेकून पडली की हे मोडतं आणि पहिल्या फोटोत ती तडा पुष्कळदा दिसतच नाही. सूज नाममात्र, हात चालतो, माणूस कामाला लागतो. पण या हाडाला रक्त पोचतं ते मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून. मधोमध तडा गेली की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं. तसंच राहिलं तर हाड जुळत नाही आणि काही वर्षांनी मनगट कायमचं दुखरं, ताठर होऊन बसतं.

म्हणून डॉक्टर काय करतात? खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर फोटो स्वच्छ आला तरी हात आधाराच्या पट्टीत ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढायला बोलावतात. तोवर तडेच्या कडा विरघळू लागतात आणि ती दिसते. गरज वाटल्यास एम. आर. आय. किंवा सी. टी. स्कॅन सांगतात.

आमच्या इमारतीतल्या एका वहिनींच्या बाबतीत हेच झालं. गाडीतून उतरताना पडल्या. पहिला फोटो चांगला आला. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी या म्हणून सांगितलं होतं, पण घरी सूर असा की, "एकदा चांगला आलाय ना, आता पुन्हा कशाला खर्च?" वहिनीही गप्प बसल्या असत्या. त्यांच्या सासूबाई मात्र हटून बसल्या. "हिला कपडा पिळता येत नाही अजून. मी बघतेय रोज. तुम्ही नेत नसाल तर मी रिक्षा करून नेते," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. दुसऱ्या फोटोत तडा दिसली. दहा आठवडे प्लॅस्टर राहिलं, पण हाड जुळलं. सासूबाईंना कुठलं डॉक्टरी ज्ञान नव्हतं. त्यांनी फक्त रोज नीट पाहिलं होतं.

वयाप्रमाणे फरक

लहान मुलांची हाडं ओल्या फांदीसारखी असतात. काडकन तुटत नाहीत. वाकतात, चेपतात, एका बाजूने चिरतात. त्यामुळे वाकडेपणा फारसा दिसत नाही आणि मूल थोडं रडून खेळायलाही जातं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते हात वापरायचं टाळत असेल, दप्तर दुसऱ्याच खांद्यावर घेत असेल, तर फोटो काढा. मनगटाजवळच हाडाची वाढ होण्याची जागा असते. तिला इजा झाली असेल तर वेळेवर कळायला हवं. मुलांची हाडं जुळतात मात्र लवकर, बरेचदा तीन-चार आठवड्यांत.

पन्नाशीच्या पुढच्या आपल्या आई, सासूबाई, मोठ्या जाऊबाई यांची गोष्ट वेगळी. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं विरळ होत जातात. उभ्या जागेवरून घसरून पडल्यावर मनगट मोडलं, तर ती बहुतेक वेळा हाडं ठिसूळ झाल्याची पहिली सूचना असते. प्लॅस्टर निघालं म्हणजे काम संपलं, असं समजू नका. हाडांची घनता तपासायची का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा. आज मनगट सांभाळलं तर पुढचं खुब्याचं हाड वाचू शकतं. आहारात नाचणी, तीळ, दूध-दही, शेवग्याचा पाला, खात असाल तर काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी असू द्या. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. रोज थोडं ऊनही अंगावर घ्या.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत

सर्वांत आधी बांगड्या आणि अंगठ्या उतरवा. सूज यायच्या आत, पहिल्या पाच-दहा मिनिटांतच. साबणाचं पाणी किंवा तेल लावून हलकेच काढा. निघत नसतील तर काचेच्या बांगड्या खाली रुमाल धरून वाढवाव्या लागल्या तरी मनाला लावून घेऊ नका, बांगड्या पुन्हा भरता येतात. सुजलेल्या हातात रुतलेली बांगडी किंवा अंगठी रक्त अडवते.

मग हात स्थिर करा. त्यासाठी या साप्ताहिकाचा जाडसा जुना अंक पुरे! अंक पन्हळीसारखा वळवून हाताखाली कोपराजवळून तळव्यापर्यंत ठेवा आणि दुखरी जागा सोडून दोन ठिकाणी ओढणीच्या पट्टीने बांधा. फार आवळू नका. बोटं उघडी ठेवा. दुसरी ओढणी गळ्यात अडकवून हात झोळीत घ्या. पंजा कोपरापेक्षा जरा वर असावा. हात वाकडा दिसत असेल तर सरळ करायला जाऊ नका, आहे तसाच बांधा.

बर्फ टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा, दोन-तीन तासांनी पुन्हा. नुसता बर्फ कातडीला लावू नका. हात स्पष्ट वाकडा असेल तर वाटेत चहा-बिस्किटं नकोत; हाड बसवताना भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं.

आणि हाडवैद्याकडे जायचं का? फोटो काढल्याशिवाय कुणाच्याही हाती हाड देऊ नका, एवढंच सांगते. बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेल्या पट्टीने स्नायूंचं रक्त काही तास अडलं तरी हाताचा पंजा कायमचा आकसू शकतो. पट्टी कुणीही बांधलेली असो, कळा वाढत गेल्या आणि बोटं बधिर झाली तर ती त्याच रात्री सैल करून घ्यायची.

खर्चाची काळजी असते, मला ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क केले आहेत. आपल्या उल्हासनगरचं कॅम्प तीनमधलं मध्यवर्ती रुग्णालय त्यांतलंच. गरोदर असाल तर फोटो काढण्याआधी तसं सांगा. मनगटाच्या फोटोला किरण अगदी थोडे लागतात आणि पोट त्यापासून दूर असतं, म्हणून त्या भीतीने फोटो टाळू नका.

प्लॅस्टर पडल्यावर

मोठ्या माणसाचं मनगट जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, स्कॅफॉईडला आठ ते बारा किंवा त्याहून जास्त. हाड फार सरकलं असेल तर तारा किंवा पट्टी घालून शस्त्रक्रिया करतात. पहिले काही दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. बोटं, कोपर आणि खांदा दिवसातून पाच-सहा वेळा हलवत राहा, नाहीतर प्लॅस्टर निघेपर्यंत खांदाही आखडतो. आत खाज सुटली तर विणायची सुई घालू नका. जखम होते आणि ती दिसत नाही. प्लॅस्टर निघाल्यावर मनगट ताठर वाटणारच. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करा, स्पंजचा तुकडा दाबा, आणि पोळ्या सावकाश, त्यांनी परवानगी दिल्यावरच.

मग तोवर पोळ्या कोण लाटणार? हाच तो प्रश्न, ज्याच्यापायी आपण "जरा मुरगळलाय" म्हणत राहतो. अहो, सहा आठवडे पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणता येतात, यजमानांना कुकर लावता येतो, मुलगा-मुलगी दोघांनाही भांडी विसळता येतात. घर सहा आठवडे कसंही निभतं. वाकडं जुळलेलं मनगट मात्र जन्मभर निभवावं लागतं.

कापून ठेवण्यासाठी

लगेच निघा: हात वाकडा दिसतो, कातडी फुटून हाड किंवा जखम दिसते, बोटं गार, निळी, बधिर आहेत. गाडीची सोय नसेल तर १०८ वर फोन करा.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फोटो काढा: हाडाच्या एका ठिपक्यावर दुखतं, तपकिरीच्या खळग्यात दुखतं, तळवा फिरवता येत नाही, पेला धरवत नाही, पडलेली व्यक्ती पन्नाशीच्या पुढची आहे, मूल हात वापरत नाही.

दोन दिवस घरी पाहायला हरकत नाही: वरचं काहीही नाही, मऊ भागावर थोडं दुखतं, हात चालतो. तिसऱ्या दिवशी उतार नसेल तर डॉक्टर.

पहिला फोटो चांगला, पण दुखणं तसंच: १० ते १४ दिवसांनी पुन्हा दाखवा.